दुसऱ्या माणसाचं नाव

सत्तरीतल्या माणसाला पिल्लू भेट देऊ नये. मुलं परगावी गेलेली असतात, जोडीदार नुकताच गेलेला असतो, आणि आईला किंवा बाबांना सोबत हवी म्हणून कुणीतरी दीड-दोन महिन्यांचं लॅब्रॅडॉरचं पिल्लू घरी आणून सोडतं. प्रेमापोटीच सोडतं. पण त्या पिल्लाला दर दोन-तीन तासांनी शू करायला बाहेर न्यावं लागतं. दुधाचे २८ दात पडून ४२ पक्के दात येईपर्यंत ते चपला, वायरी आणि माणसांचे घोटे चावत राहतं. वर्षभरात ते २८-३० किलोचं होतं आणि पट्टा ओढायला लागतं. पुढचा हिशेब याहून अवघड आहे. लॅब्रॅडॉर ११-१२ वर्षं जगतो, नीट सांभाळलेलं गावठी कुत्रं १४-१५ वर्षंही काढतं. ७२ व्या वर्षी आणलेलं पिल्लू म्हातारं होतं तेव्हा माणूस ८४ चा झालेला असतो, आणि नेमकं तेव्हाच त्या कुत्र्याला उचलून जिना उतरायची वेळ येते.

नऊ-दहा वर्षांचं कुत्रं आणलं की हा हिशेब बराचसा जुळतो. त्याचं वजन वाढायचं तेवढं वाढून झालेलं असतं. लहान मुलांशी कसं वागतं, मांजर दिसल्यावर काय करतं, फटाक्यांना किती घाबरतं, हे सांभाळणाऱ्यांना माहीत असतं. दिवसाचा बराच वेळ ते झोपून काढतं, आणि सकाळ-संध्याकाळ पंधरा-वीस मिनिटांचा फेरफटका त्याला पुरतो. त्या पंधरा मिनिटांतही चालण्यापेक्षा हुंगणं जास्त असतं. ज्याला डॉक्टरांनी रोज चालायला सांगितलंय पण गुडघे फार साथ देत नाहीत, अशा माणसाला प्रत्येक खांबापाशी थांबणारा सोबती मिळणं ही फार मोलाची गोष्ट आहे.

ही कुत्री येतात कुठून? काहींचा मालकच वारलेला असतो. काहींचं कुटुंब परदेशी गेलेलं असतं, किंवा घरात बाळ आलेलं असतं. पैदास करणाऱ्यांनी सात-आठ वर्षं पिल्लं काढून घेतल्यावर सोडून दिलेल्या पग, शीत्झू, पॉमेरेनियन, लॅब्रॅडॉर जातींच्या माद्या असतात. लोंबलेल्या आचळांवरून त्या लगेच ओळखू येतात. आणि अपघातात पाय गेलेली किंवा दृष्टी गेलेली रस्त्यावरची देशी कुत्री असतात, जी बरी झाली तरी परत रस्त्यावर सोडता येत नाहीत. पाळलेलं जनावर उपासमारीच्या तोंडी सोडून देणं हा १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यानुसार गुन्हा आहे. पहिल्या गुन्ह्याला दंड आहे १० ते ५० रुपये. म्हातारी कुत्री रस्त्याच्या कडेला का सापडतात, याचं निम्मं उत्तर या आकड्यात आहे.

कुत्रं निवडताना वयापेक्षा वजन आधी बघावं. पाठीचं किंवा गुडघ्याचं दुखणं असलेल्या माणसाने दहा-बारा किलोंहून जड कुत्र्याच्या नादी लागू नये, कारण आज ना उद्या त्याला उचलावं लागणार. बसलेल्या कुत्र्याला उठवायला फार ताकद लागत नाही. पोटाखालून, मागच्या पायांच्या पुढ्यात, जुना टॉवेल झोळीसारखा घालून दोन्ही टोकं वर धरली की वीस किलोचं कुत्रंही उभं राहतं. पण रिक्षात चढवणं, दवाखान्याच्या टेबलावर ठेवणं याला हात लागतातच. लिफ्ट नसलेल्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर राहणाऱ्याने यावर आधी घरच्यांशी बोलून घ्यावं.

अशी कुत्री सांभाळणाऱ्या संस्थेत वयाचा आकडा सांगतात तो अंदाज असतो. पिल्लाचं वय दातांवरून आठवड्यांच्या फरकाने सांगता येतं, पण सात वर्षांपुढे दातांची झीज, तोंडावरचे पांढरे केस आणि डोळे यांवरून ‘आठ ते अकरा’ एवढंच म्हणता येतं. डोळ्यांत निळसर धुकं दिसलं की लोक मोतीबिंदू म्हणून मागे सरतात. बहुतेकदा तो मोतीबिंदू नसतो. वयाने भिंग घट्ट होत जातं तसा तो निळसरपणा येतो आणि त्याने दिसण्यात फारसा फरक पडत नाही. मोतीबिंदू पांढरा, फुटक्या काचेसारखा दिसतो.

कुत्रं झोपलेलं असताना बघायला जावं आणि ते उठताना नीट पाहावं. पुढचे पाय रोवून मागचं अंग ओढत उठलं, पहिली काही पावलं ताठ टाकली आणि पाच मिनिटांत मोकळं झालं, तर ती संधिवाताची नेहमीची खूण. तो औषधाने आणि वजन आटोक्यात ठेवून बराच काबूत राहतो. चालता चालता त्रास वाढत गेला, पंजा उलटा पडला, किंवा मागच्या नखांची वरची बाजू घासलेली दिसली, तर दुखणं मणक्यातलं किंवा नसांतलं असू शकतं. तसं कुत्रं वाईट नव्हे, पण त्याला तरुण हातांचं घर हवं.

घरी आणायच्या आधी रक्ताच्या तपासण्या मागाव्यात, नुसतं ‘हेल्दी आहे’ पुरत नाही. प्लेटलेट्ससकट पूर्ण रक्तगणना, किडनीचं काम सांगणारं क्रिएटिनिन, लिव्हरचे आकडे, आणि लघवीची तपासणी. लघवीची घनता क्रिएटिनिनच्या आधी बोलते. किडनीचं काम बरंच घटल्याशिवाय क्रिएटिनिन वर सरकत नाही, पण त्याआधीच लघवी पाण्यासारखी पातळ झालेली असते. आपल्या हवेत गोचीड-तापाची तपासणी वगळूच नये. तपकिरी गोचिडीतून एर्लिशिया आणि बॅबेसिया हे या तापाचे दोन्ही जंतू येतात. एर्लिशिया महिनोन्‌महिने अंगात लपून राहतो आणि एके दिवशी नाकातून रक्त येतं, हिरड्या पांढुरक्या पडतात. त्याचं अँटिबायोटिक, डॉक्सिसायक्लिन, २८ दिवस चालतं. ते उपाशीपोटी कोरडं देऊ नये. गोळी अन्ननलिकेत अडकली तर तिथे जखम होते, म्हणून जेवणाबरोबर द्यावी आणि मागून पाणी पाजावं.

मादीची नसबंदी झाली आहे का, हे विचारायलाच हवं. कानाला खाच असेल तर रस्त्यावरच्या कुत्र्यांच्या नसबंदी कार्यक्रमात ती झालेली असते. झालेली नसेल तर माजावर येऊन गेल्यानंतरच्या दोन महिन्यांत गर्भाशयात पू होण्याचा धोका असतो. मादी एकदम खूप पाणी प्यायला लागते, जेवण सोडते, कधी स्राव दिसतो, कधी तोही दिसत नाही. अशा वेळी सकाळपर्यंत थांबायचं नसतं, त्याच दिवशी दवाखाना गाठायचा.

आता घर. म्हाताऱ्या माणसासाठी घरात जे बदल डॉक्टर सांगतात आणि आपण पुढे ढकलतो, तेच बदल म्हाताऱ्या कुत्र्याला लागतात, आणि त्याच्यासाठी आपण ते मुकाट्याने करतो. गुळगुळीत टाइल्सवर कुत्र्याचे मागचे पाय फाकतात. एकदा घसरलं की ते त्या खोलीतून जायचंच टाळतं. झोपायची जागा, पाण्याचं भांडं आणि दार यांना जोडणारी रबरी चटयांची वाट करावी. जुन्या योगा मॅटच्या पट्ट्या कापल्या तरी चालतात, फक्त कडा दोन बाजूंनी चिकटणाऱ्या टेपने जमिनीला पक्क्या कराव्यात, नाहीतर त्याच कडांना माणूस अडखळतो. पंजाच्या गाद्यांमधले केस दर महिन्याला कापावेत. नखं फरशीवर टकटक वाजायला लागली की ती वाढली आहेत. वाढलेली नखं पाऊल मागे रेटतात आणि सांध्यांवर ताण येतो.

सगळ्यात मोठा धोका रात्रीचा. माणूस दोनदा-तीनदा बाथरूमला उठतो, कुत्रं पलंगाला चिकटून झोपलेलं असतं, आणि अंधारात पाय त्याच्यावर पडतो. खुब्याचं हाड मोडायला एवढं पुरतं. म्हणून कुत्र्याची गादी पलंग आणि बाथरूम यांच्या वाटेत कधीही ठेवू नये, पलंगाच्या दुसऱ्या बाजूला ठेवावी. भिंतीतल्या प्लगला लावायचा छोटा दिवा रात्रभर चालू ठेवावा. गळ्यात एक घुंगरू बांधावं. पाण्याचं आणि जेवणाचं भांडं वीतभर उंच पाटावर ठेवलं की कुत्र्याची मान आणि माणसाची कंबर दोन्ही वाचतात. घाण उचलायला लांब दांड्याची सुपली घ्यावी.

कुत्र्यालाच रात्री झोप लागत नसेल, ते येरझाऱ्या घालत असेल, कोपऱ्यात तोंड खुपसून उभं राहत असेल, तर ‘म्हातारपण’ म्हणून सोडून देऊ नये. आधी लघवीचा त्रास आणि दुखणं तपासावं. दोन्ही नसेल तर माणसाला होतो तसा विस्मरणाचा आजार कुत्र्यालाही होतो. त्याला खोलीतलं सामान न हलवणं, जेवणाच्या आणि फिरायच्या वेळा न बदलणं आणि संध्याकाळी थोडं उजेडात फिरवून आणणं याने आधार मिळतो. ऐकू येत नसेल तर मागून हात लावून उठवू नये. फरशीवर पाय आपटावा, कंप पोचतो, किंवा नाकापुढे हात धरावा. बहिरं कुत्रं दचकून चावलं तर त्यात स्वभावाचा दोष नसतो.

एक आजार इथे मुद्दाम सांगायला हवा, कारण त्याच्यापायी कुत्री विनाकारण जिवाला मुकतात. काल बरं असलेलं म्हातारं कुत्रं सकाळी उठताच एका बाजूला कोसळतं, मान तिरकी होते, बुबुळं भराभरा हलत राहतात, उलटी होते. लोक म्हणतात लकवा मारला, आता झोपवून टाका. बहुतेकदा हा कानाच्या आतला, तोल सांभाळणारा भाग बिघडल्याचा झटका असतो. दोन-तीन दिवसांत तो उतरू लागतो आणि दोन-तीन आठवड्यांत कुत्रं पुन्हा चालतं, मान जराशी तिरकी राहिली तर राहते. त्या दिवसांत उलटीचं औषध, सलाइन, आणि दोन्ही बाजूंनी उशा लावलेली गादी लागते. डॉक्टरांनी पाहिल्याशिवाय कसलाही निर्णय घेऊ नये.

औषधांचा डबा हा दोन म्हाताऱ्यांच्या घरातला खरा सुरुंग. माणसाच्या हातून गोळी निसटते, सोफ्याखाली जाते, आणि कुत्रं ती चाटून टाकतं. आयबुप्रोफेन आणि डायक्लोफिनॅक या दुखण्यावरच्या गोळ्यांनी कुत्र्याच्या पोटात अल्सर होतात, किडनी बसते. ती गोळी खाल्ली नाही तरी धोका आहेच, कारण गुडघ्याला चोळलेलं दुखण्याचं मलम कुत्रं मायेने चाटतं. मलम लावल्यावर पायमोजा किंवा पायजमा वर चढवावा आणि हात धुऊनच कुत्र्याला हात लावावा. आठवड्यातून एकदा घ्यायची ६०,००० युनिटची ड जीवनसत्त्वाची पुडी सात-आठ किलोच्या कुत्र्याने फाडून खाल्ली तर तडक दवाखान्यात न्यावं. उलट बाजूनेही चूक होते. थायरॉइडची जी गोळी माणसाला साधारण ५० किंवा १०० मायक्रोग्रॅमची असते, ती पंधरा किलोच्या कुत्र्याला एका वेळी ३०० मायक्रोग्रॅमच्या आसपास, दिवसातून दोनदा लागते. हृदयविकार असलेल्या माणसाने ती चुकून घेतली तर त्याचं काय होईल ते वेगळं सांगायला नको. दोघांच्या गोळ्या दोन वेगवेगळ्या रंगांच्या डब्यांत, दोन वेगळ्या खोल्यांत ठेवाव्यात. माणसाला रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर कुत्र्याची नखं बोथट ठेवावीत. माणसाला मधुमेह असेल तर पायाची जखम कुत्र्याला चाटू देऊ नये.

जेवणाचं गणित सोपं आहे, पाळणं अवघड. पंधरा किलोच्या, नसबंदी झालेल्या म्हाताऱ्या कुत्र्याला दिवसाला साधारण ६५० ते ७०० कॅलरी लागतात. २०० ग्रॅम शिजवलेलं बिनहाडाचं चिकन, २०० ग्रॅम मऊ भात, एक अंडं आणि मूठभर उकडलेला भोपळा किंवा गाजर, दोन वेळांत विभागून, एवढ्यात ते बसतं. मीठ, मसाला, कांदा, लसूण यांतलं काही नाही. घरच्या जेवणात कॅल्शियम कमी पडतं. अंड्याचं टरफल वाळवून, भाजून, अगदी बारीक केलेली पूड रोज अर्धा चमचा घालावी, पण किडनीचा त्रास असेल तर डॉक्टरांना विचारूनच, आणि मग वरचं प्रमाणही बदलतं. द्राक्षं आणि मनुका अजिबात नकोत. प्रसादाच्या शिऱ्यातून त्या जातात, तिकडे लक्ष असावं.

आणि बिस्किटं. सकाळच्या चहाबरोबर दोन, दुपारी दोन, शेजारच्या आजी आल्या की दोन, वॉचमनकाकांकडून चार. साधं ग्लुकोज बिस्कीट २०-२५ कॅलरींचं असतं, म्हणजे दहा बिस्किटांत कुत्र्याच्या दिवसभराच्या गरजेचा एक तृतीयांश संपतो. बिस्कीट देण्यातला आनंद माणसाचा असतो, त्याला तो हवाही असतो. मग काकडीचे, गाजराचे तुकडे डब्यात घालून तोच डबा हाताशी ठेवावा. फासळ्या हाताला लागाव्यात पण डोळ्यांना दिसू नयेत, हे वजनाचं माप. पाण्यावर नजर असू द्यावी. दिवसाला किलोमागे १०० मिलिलीटरहून जास्त, म्हणजे पंधरा किलोच्या कुत्र्याने दीड लिटरच्या वर पाणी प्यायलं, तर किडनी, मधुमेह किंवा ग्रंथींचा आजार शोधावा लागतो. सकाळी बाटलीने मोजून भांडं भरलं की हे आपोआप कळतं.

फिरायला नेताना पट्टा मनगटाला गुंडाळू नये आणि कमरेला तर बांधूच नये. चार-पाच फुटांचा सपाट पट्टा घ्यावा, त्याची कडी अंगठ्यात अडकवून मूठ मिटावी. कुत्र्याने हिसका दिला तर हात उघडता आला पाहिजे. पळालेलं कुत्रं परत आणता येतं. गळपट्ट्याऐवजी पाठीवर मूठ असलेला हार्नेस घेतला तर पायऱ्यांवर त्याला आधार देता येतो. आपल्याकडे खरी भीती गल्लीतल्या कुत्र्यांची असते. नवं कुत्रं पट्ट्याला बांधून त्यांच्या हद्दीतून नेलं की ती अंगावर येतात, आणि मधे सापडतो तो माणूस. पहिले दोन-तीन आठवडे सोसायटीच्या आवारातच फिरवावं. बाहेर पडायचं तेव्हा गल्लीतल्या कुत्र्यांना रोज खायला घालणारी व्यक्ती शोधून तिच्यासोबत दोन-चार फेऱ्या माराव्यात. हातात छत्री ठेवावी. अंगावर येणाऱ्या कुत्र्यासमोर फटकन उघडली की ते थबकतं आणि मधे आडोसाही होतो. पहाटे पाचची, सामसूम वेळ टाळावी. सोसायटीने कुत्रं पाळायला किंवा लिफ्टमधून न्यायला बंदी घालू नये, असं भारतीय प्राणी कल्याण मंडळाने २०१५ च्या परिपत्रकात सांगितलं आहे. त्याची प्रत घरात असावी, पण महापालिकेचा परवाना आणि रेबीजच्या लशीचा दाखला त्याच्या आधी असावा.

आता त्या प्रश्नाकडे येतो ज्यापायी मुळात अनेक संस्था साठीपुढच्या अर्जदाराला नकार देतात. तुमच्या माघारी काय? मला हा नकार चुकीचा वाटतो, पण प्रश्न चुकीचा वाटत नाही. सॅन फ्रान्सिस्कोत म्हाताऱ्या कुत्र्यांसाठी २००७ मध्ये सुरू झालेली मटव्हिल ही संस्था ज्येष्ठ नागरिकांना म्हातारी कुत्री देण्याचा उपक्रमच चालवते. ब्रिटनमध्ये १९८५ पासून सिनेमन ट्रस्टचे स्वयंसेवक आजारी, वयस्कर माणसांची कुत्री फिरवतात आणि मालकाच्या माघारी प्राण्यांना आसरा देतात. आपल्याकडे हे सगळं ओळखीपाळखीवर चालतं. म्हणून ओळखच कागदावर आणायची. अर्जात दुसऱ्या माणसाचं नाव असल्याशिवाय म्हातारं कुत्रं घेऊ नये आणि संस्थेनेही देऊ नये. तो माणूस मुलगा-मुलगीच असायला हवा असं नाही. बेंगळुरूला किंवा न्यू जर्सीला असलेल्या मुलापेक्षा खालच्या मजल्यावरची, कुत्र्याला रोज हाक मारणारी बाई जास्त कामाची.

त्या माणसाकडे घराची किल्ली हवी. आठवडाभर पुरेल एवढं खाणं आणि औषधं एका पिशवीत तयार हवीत. फ्रिजवर एक कागद हवा: कुत्र्याचं नाव, औषधं आणि वेळा, डॉक्टरांचा नंबर, कशाला घाबरतं, कुठे हात लावलेला आवडत नाही. पाकिटात आधारकार्डाशेजारी एक चिठ्ठी हवी, ‘घरी कुत्रं एकटं आहे, या नंबरवर फोन करा.’ माणूस चक्कर येऊन रस्त्यात पडतो, ॲम्ब्युलन्स त्याला घेऊन जाते, आणि बंद फ्लॅटमध्ये कुत्रं दोन दिवस पाण्याविना राहतं, हे त्या चिठ्ठीने टळतं. पैशांचाही विचार करावा. विम्याच्या योजनांत वयाची अट असते, त्यामुळे म्हाताऱ्या कुत्र्याचा खर्च बहुधा खिशातूनच करावा लागतो. आपल्या कायद्यात कुत्रं ही मालमत्ता आहे, त्याच्या नावावर पैसे ठेवता येत नाहीत. सांभाळणाऱ्याच्या नावे मृत्युपत्रात रक्कम लिहिता येते, किंवा दोघांच्या नावाचं एक छोटं खातं उघडता येतं. रतन टाटा ९ ऑक्टोबर २०२४ रोजी गेले, त्यानंतर त्यांच्या मृत्युपत्रात टिटो या जर्मन शेफर्डच्या देखभालीची तरतूद असल्याच्या बातम्या आल्या. तशी तरतूद दहा-वीस हजारांचीही असू शकते.

कुत्रं आधी जाण्याची शक्यता अर्थातच जास्त. त्या निर्णयाची वेळ आली की भिंतीवरच्या कॅलेंडरवर रोज रात्री खूण करावी, आज बरा दिवस होता की वाईट. वाईट दिवस जास्त व्हायला लागले की डॉक्टरांना बोलवावं, दवाखान्यात ओढत नेऊ नये. आधी गुंगीचं इंजेक्शन, मग भुलीच्या औषधाचा मोठा डोस, काही मिनिटांचं काम असतं. डोळे उघडेच राहतात, ते माहीत असावं.

पण माणूस आधी गेला तर दुसऱ्या माणसाने पुढचे दोन-तीन आठवडे फार काही करू नये. जेवणाची वेळ तीच ठेवावी, फिरायचा रस्ता शक्य तर तोच. कुत्रं दोन-तीन दिवस जेवलं नाही, दाराकडे तोंड करून बसलं, तर समजून घ्यावं, पण पाणीही सोडलं तर डॉक्टरांना दाखवावं. त्याच्या मालकाचा वापरलेला एखादा सदरा किंवा पातळ त्याच्यापाशी असू द्यावं. आणि नव्या घरी नेताना त्याची गादी धुऊ नये.